राखाडी अक्षरांचे ऋण

सार्वजनिक हिताची काही कामे अशी असतात की ती करणाऱ्याचा सत्कार कुणी करत नाही. नदीला घाट बांधणाऱ्याच्या नावाची पाटी लागते, शाळेला पंखे देणाऱ्याचे नाव पंख्याच्या पात्यावर फिरते. पण पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्हे तालुक्यांतले 'फार्महाऊस प्लॉट' विकणाऱ्या संकेतस्थळांवर कोणत्या बटणाला कोणता रंग द्यायचा आणि कोणते अक्षर किती फिकट करायचे हे ज्याने ठरवले, तो कारागीर अज्ञातच राहतो. ही उपेक्षा थांबली पाहिजे. जमीनखरेदीतला सर्वांत कंटाळवाणा, वेळखाऊ आणि होऊ घातलेला व्यवहार मोडणारा भाग म्हणजे वाचन. या कारागिराने तो भाग जवळजवळ संपवत आणला आहे, आणि तेही एक शब्द न खोडता.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. अडचणीचा मजकूर गाळणे हा जुना आणि धोक्याचा मार्ग. गाळलेला मजकूर उद्या न्यायालयात 'का गाळला' म्हणून विचारला जातो. नवा मार्ग अधिक प्रामाणिक आहे. सगळे लिहायचे, सगळे पानावर ठेवायचे, आणि कोणी काय वाचावे हे रंगावर सोपवायचे.

असे पान उघडले की आधी दिसते ते हिरवे. जुलैमधला तोरणा, त्याच्या अंगावरून उतरणारी पाण्याची पांढरी सुते, खाली इंद्रायणी तांदळाची खाचरे, मागे ढगात बुडालेला राजगड. हे छायाचित्र खोटे नसते. पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांत डोंगर असाच दिसतो. उरलेले आठ महिने तो कसा दिसतो, हे दाखवण्याची सक्ती कोणत्याही कायद्याने केलेली नाही, आणि मार्चमधल्या वाळक्या गवताचा रंग पडद्यावर उठून दिसत नाही हेही खरेच. त्या हिरव्यावर एक गडद पट्टी येते, पट्टीवर 'राजगडाच्या कुशीत तुमचे हक्काचे घर', आणि त्याखाली ठळक नारिंगी किंवा लाल बटण: 'आत्ताच बुक करा'. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, तेव्हा तो इतिहासाच्या अभिमानापोटी घेतला होता. त्याचा पहिला रोख लाभ प्लॉटच्या जाहिरातींना झाला, हे त्या निर्णयाचे दूरवर पोचलेले फळ मानावे.

लाल बटणामागचे शास्त्र बाहेरच्यांनी शोधले, पण त्याचा खरा उपयोग आपल्याकडे झाला. २०११ मध्ये परफॉर्मेबल नावाच्या अमेरिकन कंपनीने एकाच पानाच्या दोन प्रती केल्या. एकीवर हिरवे बटण, दुसरीवर लाल. बाकी सारे सारखे. लाल बटण २१ टक्के अधिक वेळा दाबले गेले. ही बातमी जगभर पसरली आणि 'लाल रंग विकतो' अशी समजूत रूढ झाली. खरे कारण वेगळे होते. त्या पानावर आधीच हिरव्याची रेलचेल होती, त्यामुळे हिरवे बटण त्यात मिसळून गेले आणि लाल उठून दिसले. जे आजूबाजूच्या गोष्टींपेक्षा निराळे असते ते डोळ्यात भरते आणि लक्षात राहते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेडविग फॉन रेस्टोर्फ यांनी १९३३ मध्येच दाखवले होते. म्हणजे प्रश्न कोणत्या रंगाचा नसतोच. प्रश्न असतो शेजाऱ्याच्या रंगाचा. सह्याद्रीच्या हिरव्या छायाचित्रावर लाल बटण का शोभते याचे उत्तर एवढेच आहे. इतका मोठा डोंगर बटणाची पार्श्वभूमी म्हणून कामाला लागतो.

गुगलची गोष्ट तर संगणकाच्या धंद्यात दंतकथेसारखी सांगितली जाते. २००९ च्या सुमारास तिथे दोन निळ्यांपैकी कोणता घ्यावा यावर एकमत होईना, तेव्हा त्या दोहोंमधल्या ४१ छटा लोकांवर आजमावून पाहण्यात आल्या. डग्लस बोमन हे तिथले प्रमुख रचनाकार असल्या कारभाराला कंटाळून नोकरी सोडून गेले. निवडलेल्या निळ्यामुळे जाहिरातींचे उत्पन्न वर्षाला २० कोटी डॉलरने वाढले, असे कंपनीच्या एका अधिकाऱ्याने पुढे सांगितले. पण गुगलने काय केले? लोकांनी जास्त वेळा दाबावे एवढेच पाहिले. लोकांनी कमी वाचावे याकडे लक्ष देण्याइतकी दूरदृष्टी त्या ४१ निळ्यांत नव्हती. ती दूरदृष्टी चेलाडी फाट्याच्या अलीकडे-पलीकडे जमीन विकणाऱ्यांनी दाखवली.

तिचा उत्तम नमुना म्हणजे 'एनए' हा शब्द. जमीन एनए, म्हणजे बिनशेती, आहे की नाही यावर खरेदीदाराचे सारे भवितव्य असते. शेतजमीन असेल तर महाराष्ट्राच्या कुळवहिवाट कायद्याचे कलम ६३ आडवे येते, आणि जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती घेता येत नाही. म्हणून पानावर 'एनए प्लॉट' ही अक्षरे बोटभर उंचीची असतात, गडद हिरवी असतात, आणि शेजारी त्याच हिरव्यातली बरोबरची खूण असते. परीक्षेच्या पेपरावर मास्तरांनी केलेली खूण पाहून लहानपणी जो जीव भांड्यात पडायचा, तो इथेही पडतो. त्या ओळीच्या खाली, पांढऱ्यावर फिकट राखाडी रंगात, मुंगीएवढ्या अक्षरात आणखी एक शब्द असतो: 'प्रस्तावित'.

प्रस्तावित म्हणजे झालेले नाही. अर्ज केला असेल, करायचा असेल, किंवा करण्याचा विचार मनात येऊन गेला असेल. पण तो शब्द तिथे आहे. कुणालाही दाखवता येतो. वेब सर्वांना वापरता यावे यासाठी जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांच्या मते साध्या अक्षरांचा आणि पाटीचा उजेडातला फरक किमान साडेचारास एक असावा, मोठ्या अक्षरांचा तीनास एक. आपली राखाडी अक्षरे दोनास एकच्या आसपास घुटमळतात. हे निकष लिहिणाऱ्यांसमोर प्रामुख्याने रोमन लिपी होती, म्हणून एक गोष्ट त्यांच्या पुरती ध्यानात आली नसावी. देवनागरीत शिरोरेषा सगळ्यांना एका दोरीत बांधते आणि अर्थ मात्र काना, मात्रा, वेलांटी, रफार असल्या बारीक फटकाऱ्यांवर टांगलेला असतो. अक्षर फिकट आणि बारीक झाले की शिरोरेषा शिल्लक राहते आणि बाकी सारे विरघळते. 'प्रस्तावित' हा शब्द दुपारच्या उन्हात मोबाईलवर पाहिला तर एखादी सजावटीची रेघ वाटते. चाळिशी उलटलेल्या खरेदीदाराला तर तीही दिसत नाही, आणि सेवानिवृत्तीचे पैसे हातात घेऊन डोंगरात घर शोधणारे बहुतेक जण चाळिशीच्या बरेच पुढचे असतात. त्यांच्या डोळ्यांना ताण पडू नये एवढी काळजी सध्या दुसरे कोण घेते?

ही काळजी एका शब्दापुरती थांबत नाही. 'स्वतंत्र सातबारा' हिरव्यात आणि 'सामाईक सातबाऱ्यावर नाव लागेल' राखाडीत. 'धरणालगत' निळ्यात आणि धरणाची पूररेषा कुठून जाते हे राखाडीतही नाही. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. जिरायतीत २० गुंठ्यांखालच्या आणि बागायतीत १० गुंठ्यांखालच्या तुकड्यांना अडकाव घालणारी मर्यादा पुणे जिल्ह्याला २०२३ च्या अधिसूचनेने लागू झाली. अलीकडे निवासी पट्ट्यांसाठी सवलती आल्या आहेत, पण वेल्ह्याच्या डोंगरउतारावरचे भातखाचर त्यात बसते का, हा प्रश्न विचारायला आधी तो सुचावा लागतो. रंगांची योग्य मांडणी केली तर तो सुचत नाही. खरेदीदाराची एक रात्रीची झोप तरी वाचते. पुढच्या रात्रींचे पुढे.

पानावर पाच-सात सेकंद रेंगाळले की मधोमध एक चौकट उघडते. तीत दोन पर्याय असतात. एक हिरवा, रुंद, गोलसर कडांचा: 'हो, मला माहिती पाठवा'. दुसरा, चौकटीच्या तळाशी, पाटीच्याच रंगात बुडालेला: 'नको, मला सह्याद्रीत घर नको'. या दुसऱ्या वाक्याची सभ्यता पाहावी. नकार द्यायचा तर माणसाने आपल्या तोंडाने कबूल करावे की त्याला सह्याद्री नको आहे. मावळातल्या मातीवर वाढलेला कोणता माणूस हे म्हणेल? तो लाजतो आणि हिरवे दाबतो. त्याचा मोबाईल क्रमांक पुढच्या क्षणी योग्य हातांत पडतो. त्यानंतर त्याला फोनची वाट पाहावी लागत नाही. फोन सकाळी येतो, जेवताना येतो, स्मशानातून परत येताना येतो. आपल्या चौकशीची एवढी आठवण ठेवणारे कार्यालय तालुक्याच्या ठिकाणी शोधूनही सापडणार नाही.

केंद्र सरकारने या कलेची दखल फार उशिरा घेतली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न' रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि अशा १३ युक्त्यांची यादी जोडली. खोटी घाई, नकार देणाऱ्याला लाजवणे, टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणे, किंमत थेंबाथेंबाने सांगणे, आणि ज्यात 'नाही'चा पर्याय मुद्दाम फिकट ठेवला जातो तो पडद्याशी केलेला खेळ, असे सारे त्या यादीत आहे. हेतू बंदी घालण्याचा असला तरी काम पाठ्यपुस्तकाचे झाले. आजवर प्रत्येक रचनाकाराला स्वतःच्या अनुभवातून शिकावे लागत होते. आता १३ प्रकरणांची, व्याख्यांसह, फुकट उपलब्ध असलेली अधिकृत यादी आहे, आणि नवशिक्याला एखादी युक्ती राहून गेली का हे ताडून पाहता येते. तक्रार करायची असेल त्याच्यासाठी १९१५ हा हेल्पलाईन क्रमांक आहे. तो प्लॉटच्या पानांवर कोणत्याही रंगात आढळत नाही.

लाल रंगाचे खरे काम अजून सांगायचे राहिले. पानाच्या माथ्यावर एक घड्याळ उलटे पळत असते: 'या दरात बुकिंगला उरले १ तास ४७ मिनिटे'. आकडे लाल, त्यांना मंद उघडझाप. पान बंद करून पुन्हा उघडले तर घड्याळ पुन्हा दोन तासांवर येते, यावर काहींनी नाराजी व्यक्त केली आहे. त्यांनी थोडा उदार विचार करावा. ज्या देशात मुदतवाढ मागायला अर्ज, अर्जावर तिकीट आणि तिकिटावर साहेबांची सही लागते, तिथे न मागता, विनाशुल्क, हव्या तितक्या वेळा मुदतवाढ देणारे हे एकमेव घड्याळ आहे. आणि लाल रंगामुळे माणूस घाईत राहतो, ही घाईच त्याला नुकसानीच्या भीतीतून सोडवते. टोकनची रक्कम एकदा पाठवली की 'जागा हातची जाईल' ही भीती संपते. 'टोकन परत मिळणार नाही' हे वाक्य राखाडीत असल्याने नवी भीतीही लगेच सुरू होत नाही.

याच्या शेजारी सरकारी पान ठेवून पाहावे म्हणजे फरक कळेल. महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा कुणालाही काढता येतो. त्यासाठी जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक निवडावा लागतो, मग चित्रातली वाकडीतिकडी अक्षरे ओळखून भरावी लागतात. एवढे करून हाती काय येते? पांढऱ्यावर काळ्या अक्षरांचा कागद. त्यावर भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ हे लिहिलेले असते. वर्ग २ म्हणजे सरकारच्या परवानगीवाचून विकता न येणारी जमीन. पण हा वर्ग मालकाच्या नावाइतक्याच काळ्या अक्षरात असतो. 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा, कुळाचे नाव, एखादा न्यायालयातला दावा, धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी राखीव असल्याचा शेरा, सारे एकाच शाईत, एकाच जाडीत. काय महत्त्वाचे आणि काय दुर्लक्ष करण्याजोगे, हे वाचणाऱ्यानेच ठरवायचे. एक हिरवी खूण नाही, एक लाल घड्याळ नाही, किल्ल्याचे एक चित्र नाही. नागरिकाला इतके एकटे सोडणे बरे नव्हे. सातबारा वाचून जमीन घेणारा माणूस हल्ली फारसा दिसत नाही याचा दोष लोकांना दिला जातो. तो रचनेकडे जायला हवा.

भोर आणि वेल्ह्यात पुनर्वसनाचा तो शेरा केवळ कागदी नाही. भाटघरचे धरण १९२८ मध्ये पुरे झाले, त्यानंतर पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी. प्रत्येक धरणाखाली गावे गेली, आणि उठलेल्या माणसांना कुठेतरी जमीन द्यायची म्हणून इतरांच्या जमिनींवर शिक्के बसले. एका पिढीने धरणाला जमीन दिली, दुसऱ्या पिढीने शिक्का सोसला. आता तिसरी पिढी तीच जमीन एखाद्या कंपनीच्या माणसाला एकरावर विकते, कंपनी ती गुंठ्यावर विकते, आणि त्या दोन भावांमधले अंतर भरून काढण्यासाठीच एवढा रंगांचा खटाटोप असतो. विकणाऱ्याच्या घरातला मुलगा पुढे त्याच कुंपणाच्या आत राखणदार म्हणून लागतो, त्याला महिन्याला ठरलेला पगार मिळतो, आणि आजोबांनी बांधलेल्या ताली आता लॉन म्हणून तो रोज पाण्याने भिजवतो. स्थानिकांना रोजगार, असे संकेतस्थळावर हिरव्या खुणेसह लिहिलेले असते. ते खरे आहे.

या सगळ्या व्यवस्थेला एकच धोका आहे, आणि तो म्हणजे जागेवर जाणे. शनिवारी कंपनीची गाडी पुण्याहून निघते, नसरापूरला चहा होतो, आणि मग भाटघरच्या पाण्याच्या कडेला एखादा माणूस गुरे घेऊन उभा असतो. एखादा चौकस खरेदीदार त्याला विचारतो, "बाबा, पाणी इथपर्यंत कायम असतं ना?"

"कायम कशानं, साहेब? दिवाळीपातूर ऱ्हातं. मंग ते कालव्यानं खाली बारामतीकडं जातं. शिमग्याच्या पुढं आमच्या बाया हंडं घिऊन खाली उतरत्यात."

"मग हे लेक व्ह्यू?"

"असंल की. मे महिन्यात या, पान्यातलं कांबरेश्वराचं देऊळ बी दिसंल तुमास्नी."

अशी माणसे कोणत्याही रंगात रंगवता येत नाहीत. पावसाळ्यात धो-धो भिजणाऱ्या या पट्ट्यातल्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे ते कुणालाही सांगून टाकतात, आणि वर पाण्याचा तांब्याही पुढे करतात. म्हणूनच जाणती संकेतस्थळे जागेच्या भेटीआधी टोकन घेतात. ज्याचे पैसे अडकले आहेत तो देवळाचे ऐकून घेतो आणि त्याला ते 'हेरिटेज व्ह्यू' वाटू लागते. पैसे न अडकलेल्या माणसाच्या डोळ्यांवर एवढा भरवसा ठेवता येत नाही.

काही जण न्यायाचा मुद्दा काढतात. लाल आणि हिरवा हा भेद ज्यांना दिसत नाही, असे पुरुष युरोपीय वंशाच्या लोकांत बारामागे एक असतात. आपल्याकडे प्रमाण काहीसे कमी आहे, पण आहेच. त्यांना हिरवी खूण आणि लाल इशारा दोन्ही मातकट दिसतात, मग त्यांचे काय? फेसबुकचे मार्क झुकरबर्ग यांनाच हा दोष आहे आणि त्यांना निळा सर्वांत चांगला दिसतो, हे त्यांनी २०१० मध्ये सांगितले होते. त्या संकेतस्थळाच्या निळेपणाशी त्याचा संबंध जोडला जातो. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे, आणि डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये म्हटले. प्लॉटच्या पानांवर हा प्रश्न फार पूर्वीच सुटला आहे. तिथली राखाडी अक्षरे ज्याची दृष्टी निर्दोष आहे त्यालाही दिसत नाहीत. यापेक्षा समान वागणूक कोणती असू शकते?

महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, मात्र या प्रगतीत अडथळे आणले, हे नोंदवले पाहिजे. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक झाला. २०२५ मध्ये तर नोंदणी क्रमांक जाहिरातीत कोणत्या कोपऱ्यात आणि केवढ्या अक्षरात असावा इथपर्यंत आदेश निघाला. अक्षराच्या आकारावर सरकारी यंत्रणा बोलू लागली म्हणजे कलेचे स्वातंत्र्य कितपत उरणार, ही काळजी रास्त आहे. सुदैवाने शेतजमिनीचे गुंठे 'प्रकल्प' म्हणून विकलेच जात नाहीत. ते 'संधी' म्हणून विकले जातात, आणि संधीची नोंदणी कुठे करायची हे अजून कोणत्याही आदेशात आलेले नाही.

म्हणून आता या कलेचा विस्तार खाजगी पानांपलीकडे व्हावा, अशी नम्र सूचना आहे. पहिली गरज सातबाऱ्याची. मालकाचे नाव ठळक राहू द्यावे, पण 'इतर हक्क' हा रकाना टप्प्याटप्प्याने फिकट करत न्यावा. बँकेचा बोजा पहिल्या वर्षी, कुळाचे नाव दुसऱ्या वर्षी, पुनर्वसनाचा शेरा लोकभावना पाहून सवडीने. ज्यांना त्या नोंदी हव्याच असतील त्यांच्यासाठी त्या कागदावर असतीलच.

दुसरी गरज नकाशांची, आणि ती अधिक तातडीची आहे. विकास आराखड्यात निवासी पट्टा पिवळा आणि शेतीचा पट्टा हिरवा दाखवण्याची जुनी पद्धत आहे. ज्या काळात हिरवा म्हणजे झाडे आणि पिके एवढाच अर्थ होता, त्या काळात ती ठीक होती. आता लक्षावधी लोकांच्या बोटांना हिरवा म्हणजे 'पुढे चला' असे वळण लागले आहे. अशा वेळी घर बांधू नये असे सांगायला सरकारने हिरवाच वापरणे ही नागरिकांची दिशाभूल आहे. संकेतस्थळ आणि नकाशा यांत तफावत असेल, तर ज्याच्याकडे लोक रोज पाहतात त्याच्याप्रमाणे दुसऱ्याने बदलावे. या दोन तालुक्यांचा काही भाग पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे पीएमआरडीएच्या, हद्दीत येतो. त्या प्राधिकरणाचा प्रारूप आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर हजारो हरकती आल्या, आणि २०२५ मध्ये तो रद्दही झाला. पुन्हा आखायचाच आहे, तर रंग बदलून आखता येईल. त्यासाठी एकही गट, एकही नियम, एकही झाड हलवण्याची गरज नाही. कोपऱ्यातली रंगसूची तेवढी बदलायची, की सारे भोर-वेल्हे एका रात्रीत बांधकामाला मोकळे.

पश्चिम घाटाच्या पर्यावरणसंवेदनशील क्षेत्राची अधिसूचना तर अजून मसुद्यातच आहे. सहावा मसुदा जुलै २०२४ मध्ये निघाला आणि त्यात या दोन्ही तालुक्यांतली गावे आहेत. दहा वर्षे मसुदा राहिलेल्या कागदाला कोणता रंग द्यावा हा प्रश्न अवघड नाही. रायरेश्वराच्या पठारावर सात रंगांची माती दाखवायला लोकांना नेतात, पण त्या सातांत फिकट राखाडी नाही. ती उणीव या मसुद्याने भरून काढता येईल.

नकाशांच्या रंगांत हा बदल करायचा तर हरकती आणि सूचना मागवाव्या लागतील, कारण कायद्याने तसे बंधन आहे. त्याची जाहीर नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि संकेतस्थळावर लावावी, आणि मुदत पुरेशी द्यावी. शीर्षक हिरवे असावे: 'तुमच्या गावाचा विकास'. त्याखाली लाल बटण, 'मला मान्य आहे'. हरकत नोंदवण्याची सोयही असलीच पाहिजे, ती पानाच्या अगदी तळाशी, पांढऱ्यावर राखाडी रंगात असावी.